मांडीपासून पाय गेलेल्या माणसासाठी नैसर्गिक चालणारा कृत्रिम पाय: डिझाईन कसं करायचं, सुरुवातीपासून

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कृत्रिम पायाचा प्रोजेक्ट घेणारी पोरं खूप असतात आणि बहुतेकांची पहिली खरेदी मोटर, सेन्सर आणि आर्डुइनो. माझी मनापासून विनंती आहे की ते सगळं आधी बाजूला ठेवा. टॅड मॅकगीअर नावाच्या संशोधकाने १९९० मध्ये दाखवून दिलं की दोन पायांचं यंत्र अगदी हलक्या उतारावरून मोटरशिवाय, कंट्रोलरशिवाय माणसासारखं चालत खाली येतं, फक्त पायाची लांबी, पावलाचा गोलावा आणि वजन कुठे आहे एवढं जुळलं पाहिजे. म्हणजे चाल बरीचशी भूमितीत असते. माणसाच्या कृत्रिम पायातही तसंच आहे, जमिनीकडून येणारा जोर गुडघ्याच्या पुढून जातोय की मागून, किती अंतराने जातोय, यावर बहुतेक गोष्टी ठरतात आणि ही रेष कागदावर जमली नसेल तर वर कितीही इलेक्ट्रॉनिक्स लावा माणूस त्या पायावर विश्वास टाकत नाही.

इथे मी एका बाजूचा, मांडीतून कापलेला पाय धरलाय, बिनमोटरचा, चार लिंकच्या गुडघ्याचा. गुडघ्याखालून पाय गेला असेल तर गुडघ्याचा आणि मांडीच्या सॉकेटचा भाग सोडून बाकी बरंचसं लागू पडतं. आणि एक गोष्ट आधीच, माणसाच्या अंगावर पाय चढवायचं काम प्रोस्थेटिस्टचं आहे, रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या माणसाचं. आपण डिझाईन करायचं, बेंचवर टेस्ट करायचं आणि मग त्यांच्यासोबत बसायचं. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, म्हणजे ही विद्या आपल्याकडे नवीन नाही आणि विचारायला माणसं आहेत.

पायरी १: चाल आकड्यांत समजून घ्या

एका पायाची टाच टेकल्यापासून त्याच पायाची टाच परत टेकेपर्यंत एक चक्र. साध्या चालीत याला साधारण एक सेकंद किंवा थोडं जास्त लागतं. त्यातला जवळपास ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत.

गुडघा या एका चक्रात दोनदा वाकतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टाच टेकल्यावर लगेच एक छोटा वाक, १५ ते २० अंश, तो धक्का खातो. मग गुडघा सरळ होतो, आणि चवडा सुटायच्या वेळी परत वाकायला लागतो, हवेत असताना साधारण ६० अंशांपर्यंत जातो आणि टाच टेकायच्या आत परत सरळ. घोटा वर साधारण १० अंश आणि खाली ढकलताना २० अंश. खुबा पुढे ३० अंश आणि मागे १० ते २०.

आणखी एक आकडा डोक्यात ठेवा. पाय हवेतून पुढे जाताना चवडा जमिनीपासून सगळ्यात जवळ येतो तेव्हा मधलं अंतर जेमतेम सव्वा सेंटीमीटरच्या आसपास असतं. एवढंच. फरशीचा उंबरा, शेताचा बांध, एसटीची पायरी, सगळं या सव्वा सेंटीमीटरच्या हिशोबात येतं, म्हणून गुडघा वेळेवर आणि पुरेसा वाकला नाही तर माणूस अडखळतो नाहीतर पाय बाहेरून गोल फिरवून आणतो.

चांगल्या पायाच्या चालीचा मोबाईलवर बाजूने व्हिडिओ घ्या, शक्यतो ६० किंवा १२० फ्रेमवर, खुबा, गुडघा, घोटा, टाच आणि चवड्यावर रंगीत स्टिकर लावा आणि किनोव्हिया किंवा ट्रॅकरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोन काढा. पुस्तकातल्या ग्राफपेक्षा ज्याच्यासाठी पाय बनतोय त्याच्याच चांगल्या पायाचा ग्राफ जास्त उपयोगाचा.

पायरी २: माणूस नीट विचारा

वजन, उंची, स्टंपची (कापल्यावर उरलेल्या मांडीची) लांबी, खुब्याची हालचाल पूर्ण आहे का, हे तर लिहायचंच. खूप दिवस बसून राहिलेल्या माणसाचा खुबा पुढे वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि ते लक्षात न घेता पाय लावला तर कमरेत बाक येतो.

पण खरे प्रश्न वेगळे आहेत. घरात चप्पल घालतात का? जेवायला खाली बसतात का? संडास भारतीय आहे का? काम शेतात आहे, दुकानात उभं राहायचं आहे की रिक्षा चालवायची आहे? पाऊस-चिखलात जाणं आहे का? यातल्या प्रत्येक उत्तराने डिझाईन बदलतं. उकिडवं बसायला गुडघा १५० अंशांच्या आसपास वाकावा लागतो, मांडी घालून बसायला गुडघ्याच्या वर एक फिरणारा अडॅप्टर लागतो, चिखलासाठी उघडं बेअरिंग चालत नाही आणि अनवाणी चालणाऱ्याला पाऊल असं हवं ज्याला बूट नसला तरी चालेल.

पायरी ३: सॉकेट आधी

सॉकेट म्हणजे स्टंप ज्यात बसतो ते कवच. मेकॅनिकलच्या माणसाला त्यात रस नसतो, गुडघ्याची लिंकेज जास्त छान दिसते, पण स्टंप आणि सॉकेटमध्ये हलायला जागा राहिली तर तुमची सगळी भूमिती तिथेच संपते. मांडीच्या सॉकेटमध्ये वजन बऱ्याच अंशी बसायच्या हाडावर आणि मांडीच्या मऊ भागावर वाटलं जातं, स्टंपच्या टोकावर सगळा भार द्यायचा नसतो. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्टीने घेतात, त्यावरून पॉझिटिव्ह साचा (स्टंपच्याच आकाराचा भरीव ठोकळा), मग तो घासून-भरून दुरुस्त करतात आणि त्यावर तापवलेली प्लॅस्टिकची शीट किंवा लॅमिनेशन ओढतात. भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या जयपूरच्या केंद्रात एचडीपीईचा (एक कडक प्लॅस्टिक) पाईप तापवून साच्यावर ओढायची पद्धत आहे, स्वस्त आणि जलद.

डिझाईन करताना सॉकेट ५ अंश पुढे वाकलेलं बसवा, खुबा आखडला असेल तर तेवढे अंश अजून. कारण असं की खुब्याचे मागचे स्नायू थोडे ताणलेले असले की स्टंप मागे ओढायची ताकद चांगली लागते, आणि टाच टेकल्यावर गुडघा सरळ धरून ठेवणारी ताकद तीच आहे. हा मुद्दा गुडघ्याच्या गणितात परत येतो.

पायरी ४: पाऊल

पाऊल म्हणजे खालचा नुसता ठोकळा नाही. टाच टेकल्यापासून चवडा सुटेपर्यंत जोराचा बिंदू टाचेकडून पुढे सरकत जातो आणि नडगीच्या चौकटीतून बघितलं तर हे सगळे बिंदू मिळून एक गोल कमान होते. या कमानीची त्रिज्या पायाच्या लांबीच्या साधारण ०.३ पट आली तर चाल नैसर्गिक जवळ जाते. पायाची लांबी ८५ सेंमी असेल तर त्रिज्या २५ सेंमीच्या आसपास. पाऊल कडक असो, लवचिक असो, रबराचं असो की कार्बनचं, भाराखाली ही कमान कशी येते ते बघायचं.

कमान मोजायला घरगुती पद्धत पुरेशी आहे. पाऊल आणि नडगीचा पाईप एका फ्रेममध्ये धरा, वरून भार द्या, पाईप मागे १५ अंशांपासून पुढे २० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने झुकवा आणि दर टप्प्याला जोराचा बिंदू कुठे आहे ते दोन वजनकाट्यांवर ठेवलेल्या पाटावरून काढा. दोन काट्यांचे आकडे मिळाले की बिंदू साध्या मोमेंटच्या (जोर गुणिले अंतर) गणिताने निघतो.

प्रकार थोडक्यात. सॅच पाऊल १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला तयार झालं, घोटा ठाम आणि टाचेत मऊ पाचर, टाच टेकली की पाचर दबते. साधं आणि टिकाऊ, पण बुटातच वापरायचं आणि त्यावर उकिडवं बसता येत नाही. कार्बन फायबरचं पाऊल पात्यासारखं वाकतं आणि चवडा सुटताना ऊर्जा परत देतं, महाग असतं.

आणि जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे केलं, डॉ. सेठींना पुढे १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेकॅनिकल नजरेने बघितलं तर हे फार हुशार काम आहे. आत घोट्याला लाकडाचा ठोकळा, टाचेला आणि चवड्याला मायक्रोसेल्युलर रबराचे ठोकळे, बाहेरून टायरचं कॉर्ड आणि कातडीच्या रंगाचं रबर, सगळं एका साच्यात व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे तापवून एकजीव केलेलं. कुठेही पिन नाही, बेअरिंग नाही, तरी ठोकळ्यांच्या मधल्या रबरामुळे पाऊल वर वाकतं, आत-बाहेर कलतं आणि थोडं फिरतंही. ओबडधोबड जमिनीवर हे आत-बाहेर कलणंच कामी येतं. मुंबईच्या सुधा चंद्रन जयपूर फूट लावून भरतनाट्यम नाचल्या हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे पाऊल किती बाजूंनी भार घेतं याचा विचार करून बघा. शेतात, अनवाणी, खाली बसून राहणाऱ्या माणसासाठी मी आजही पहिल्यांदा हेच पाऊल सुचवेन. वजन मात्र जास्त असतं आणि ते पुढे झोक्याच्या गणितात धरावं लागतं.

पायरी ५: गुडघा, इथे वेळ द्या

सगळ्यात साधा गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा एकच पिन. पिन मागे ठेवली तर उभं राहताना पक्का, पण चालताना वाकवायला जड. पिन पुढे आणली तर वाकतो छान पण टाच टेकली की दगा देतो. एका पिनमध्ये दोन्ही गोष्टी मिळत नाहीत, म्हणून चार लिंक: मांडीकडचा तुकडा, नडगीकडचा तुकडा आणि त्यांना पिनांनी जोडणाऱ्या दोन दांड्या, एक पुढे आणि एक मागे.

आधी स्थिरतेचं गणित. टाच टेकते त्या बिंदूपासून खुब्यापर्यंत सरळ रेष काढा. गुडघ्याचं केंद्र (ज्या बिंदूभोवती तो वाकतो) या रेषेच्या पुढे जेवढं, तेवढा गुडघा वाकायला बघतो आणि माणसाला स्टंप मागे ओढून तो थांबवावा लागतो. त्यासाठी खुब्यात लागणारा मोमेंट असा: जोर गुणिले खुब्याची उंची गुणिले केंद्र रेषेच्या किती पुढे आहे ते अंतर, भागिले केंद्राची जमिनीपासून उंची. हे सूत्र बर्कलीच्या चार्ल्स रॅडक्लिफ यांच्या कामातून आलंय आणि समरूप त्रिकोणांनी तुम्ही स्वतः दोन मिनिटांत काढू शकता.

आकडे टाकू. जोर ६०० न्यूटन, खुबा ०.८५ मीटरवर, केंद्र रेषेच्या २० मिमी पुढे. केंद्र ०.४८ मीटर उंचीवर असेल तर मोमेंट साधारण २१ न्यूटन-मीटर. तेच केंद्र ०.५९ मीटरवर नेलं तर १७. म्हणजे नुसतं केंद्र वर सरकवून माणसाचं काम पाचव्या हिश्श्याने कमी झालं. आणि केंद्र वर नेतानाच मागेही नेलं तर हे २० मिमीचं अंतरच शून्य होतं किंवा उलटं होतं, मग गुडघा आपोआप पक्का. पण खरा पिन तिथे, मांडीच्या मध्यात, लावणार कसा? चार लिंकमध्ये केंद्राला पिन लागत नाही. पुढची लिंक आणि मागची लिंक दोन्ही वाढवल्या की त्यांच्या रेषा जिथे छेदतात ते त्या क्षणाचं फिरण्याचं केंद्र, इन्स्टंट सेंटर. गुडघा वाकला की लिंक हलतात आणि हे केंद्रही जागा बदलतं, सगळी गंमत यात आहे.

एक भूमिती देतो, स्वतः काढून बघा. नडगीला जोडलेली चौकट धरा, पुढची दिशा अधिक, वरची अधिक, सगळे आकडे मिमीमध्ये. खालचे दोन पिन: पुढचा (२०, ०) आणि मागचा (−२५, १०). गुडघा सरळ असताना वरचे दोन पिन: पुढचा (५, ६०) आणि मागचा (−२२, ५०). पुढची लिंक साधारण ६२ मिमी, मागची ४०, खालच्या पिनांमधलं अंतर ४६ आणि वरच्यांमधलं २९.

सरळ असताना केंद्र येतं (−१५, १४१), म्हणजे पुढच्या खालच्या पिनच्या १४१ मिमी वर आणि मागे सरकलेलं. सुमारे ७ अंश वाकल्यावर (६, ११२). २३ अंशाला (२०, ७०). ७७ अंशाला (१२, ३३) आणि ११२ अंशाला (३, २९). बघा काय झालं, उभं असताना केंद्र उंच आणि मागे म्हणून पाय पक्का, पण पहिल्याच काही अंशांत ते झपाट्याने पुढे आणि खाली येतं म्हणून चवडा सुटताना थोडा जोर लावला की गुडघा मोकळा होतो, आणि बसल्यावर केंद्र खऱ्या गुडघ्याच्या जागेजवळ असतं म्हणून बसलेला गुडघा विचित्र लांब दिसत नाही. ही भूमिती साधारण १३५ अंशांपर्यंत वाकते, खुर्ची आणि सायकलला भरपूर, पूर्ण उकिडवं बसायला कमी. जास्त वाकल्यावर दोन्ही लिंक बाजूने बघितलं तर एकमेकींना ओलांडतात, म्हणून पुढच्या लिंकची जोडी बाहेरच्या बाजूंना आणि मागची एकच लिंक मध्ये अशी मांडणी करावी लागते. ही भूमिती शिकायला म्हणून दिलीय, ताकदीचा हिशोब न करता कोणाला लावायला नाही.

या भूमितीत एक खोट पण आहे आणि ती मुद्दाम ठेवलीय. पहिल्या ७ अंशांत केंद्र २१ मिमी पुढे सरकतं, म्हणजे खडबडीत रस्त्यावर टाच टेकताना गुडघा ५-७ अंश वाकलेला राहिला तर जी सुरक्षितता कागदावर दिसत होती ती निघून गेलेली असते. तरुण, ताकदवान स्टंपच्या माणसाला हे चालेल, साठीच्या मधुमेही माणसाला चालणार नाही. त्यांच्यासाठी केंद्र सुरुवातीला आणखी मागे ठेवा आणि हळू पुढे येईल असं बघा, भले वाकवायला थोडं जड जाईल.

काढायची पद्धत: जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार पिन आणि दोन वर्तुळं घ्या, दर ५ अंशाला केंद्राचा बिंदू टिपा आणि त्याचा मार्ग काढा. मग त्याच चित्रात खुबा आणि पाऊल जोडा आणि टाच टेकण्याची रेष आणि चवडा सुटण्याची रेष अशा दोन रेषा ओढा. टाचेच्या रेषेच्या मागे आणि चवड्याच्या रेषेच्याही मागे केंद्र असेल तर गुडघा पक्का, पण दुसऱ्या रेषेच्या फार मागे असेल तर चवडा सुटताना तो वाकवायला माणसाला कंबर उचलावी लागेल. दोन रेषांच्या मधल्या या जागेसाठी सगळी झटापट आहे आणि पिन २-३ मिमी हलवला तरी केंद्र २०-३० मिमी हलतं, म्हणून स्लायडर लावून खेळत बसा, घाई नको.

चवडा आणि जमिनीतलं अंतरही याच चित्रात तपासा. चार लिंकचा गुडघा वाकताना एका पिनच्या गुडघ्यापेक्षा पाय थोडा जास्त आखूड होऊ शकतो, तो फायदा मिळतोय का बघा, सगळ्याच भूमितींत मिळत नाही.

पायरी ६: झोका

पाय हवेत असताना गुडघ्याखालचा भाग म्हणजे लंबक. बनवलेली नडगी आणि पाऊल बूट घालून गुडघ्याच्या पिनवर टांगा, हलकासा झोका द्या आणि दहा झोक्यांचा वेळ मोजा. बहुतेक वेळा १२ सेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे एक झोका १.२ आणि अर्धा ०.६ सेकंद. पण चालताना पाय हवेत असतो साधारण ०.४ सेकंद. म्हणून नुसता मोकळा गुडघा मागे राहतो, माणूस पाय सरळ व्हायची वाट बघत हळू चालतो आणि घाईत वाकलेल्या गुडघ्यावरच वजन टाकून पडतो.

उपाय स्प्रिंग. ०.६ चं ०.४ करायचं तर सरळ करणारा जोर (०.६ ÷ ०.४) चा वर्ग, म्हणजे २.२५ पट हवा. गुरुत्वाकर्षणाचा एक पट आहेच, उरलेला १.२५ पट स्प्रिंगने द्यायचा. खालच्या भागाचं वजन १.८ किलो आणि गुरुत्वमध्य पिनपासून २५ सेंमी खाली असेल तर गुरुत्वाचा जोर दर रेडियनला ४.४ न्यूटन-मीटर, म्हणून स्प्रिंग साधारण ५.५ न्यूटन-मीटर दर रेडियन. मांडी पण हलत असते म्हणून हे अंदाजाचं गणित आहे, पण स्प्रिंग कुठल्या मापाची आणायची ते यातून कळतं.

स्प्रिंगची जागा अशी निवडा की ७० अंशांच्या पुढे तिचा जोर मृत बिंदू ओलांडून उलट्या बाजूला जाईल, नाहीतर माणूस खुर्चीत बसला की पाय आपोआप पुढे उचलला जातो आणि बसमध्ये समोरच्याला लागतो. सोबत घर्षण हवं, पिनवर कमी-जास्त करता येणारा क्लॅम्प, म्हणजे टाच मागे फार उंच उडत नाही आणि सरळ होताना खट्ट आवाज येत नाही. घर्षण एकाच वेगाला बरोबर बसतं ही त्याची मर्यादा. वेगवेगळ्या वेगाने चालणाऱ्या माणसाला हायड्रॉलिक सिलिंडर लागतो, तो वेगाप्रमाणे अडवतो, पण गळतो, जड असतो आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होत नाही.

वजनाबद्दल एक. खऱ्या पायाचा गुडघ्याखालचा भाग शरीराच्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास असतो, ६० किलोच्या माणसाला साडेतीन किलोपेक्षा थोडा जास्त. कृत्रिम भाग त्याच्या निम्म्याने असला तरी माणसाला जड वाटतो कारण तो स्नायूंऐवजी सॉकेटवर लोंबतो. म्हणून ग्रॅम वाचवायचे तर घोट्यापाशी आणि पावलात वाचवा, सॉकेटजवळचे १०० ग्रॅम फारसे जाणवत नाहीत.

पायरी ७: ताकद आणि झीज

८० किलोचा माणूस चालताना जमिनीचा जोर वजनाच्या साधारण १.२ पट जातो, म्हणजे ९४० न्यूटन. चवड्यावर असताना ही रेष गुडघ्याच्या ७० मिमी पुढे धरली तर मोमेंट ६६ न्यूटन-मीटर, आणि तो सगळा सरळपणाच्या स्टॉपवर (गुडघा सरळच्या पुढे जाऊ न देणाऱ्या अडथळ्यावर) येतो. स्टॉप पिनपासून ३० मिमीवर असेल तर त्यावर २२०० न्यूटन, प्रत्येक पावलाला. स्टॉपवर रबराचा बंपर द्या आणि तो बदलता येईल असा ठेवा.

८ मिमीच्या स्टीलच्या पिनला दोन्ही बाजूंनी आधार असेल तर एवढ्या जोराला ती कातरली जाणार नाही, प्रश्न भोकाचा असतो. उघड्या ॲल्युमिनियममध्ये पिन घातली तर भोक लांबट होत जातं. पिनांमध्ये ४० मिमी अंतर आणि ०.३ मिमी खेळ (ढिलेपणा) असेल तर ४५० मिमी खाली पावलाशी तो तीन मिमीपेक्षा जास्त होतो आणि माणसाला पाय ढिला वाटायला लागतो. म्हणून भोकात बुश (पिनभोवतीची नळी) पाहिजेच. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसोबत जो चार लिंकचा गुडघा केला त्यात तेल मुरवलेलं नायलॉन वापरलं, ते स्वतःच वंगण देतं, वेगळं बेअरिंग नको, पाणी-चिखल चालतो. प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

टेस्टचं मानक आयएसओ १०३२८. त्यात ६०, ८० आणि १०० किलोच्या माणसांसाठी भाराच्या वेगवेगळ्या पातळ्या आहेत, आधी स्थिर भार आणि मग ३० लाख चक्रं. दिवसाला ५००० पावलं म्हणजे एका पायाला २५००, वर्षाला सव्वानऊ लाखांपेक्षा थोडी कमी, म्हणजे ३० लाख म्हणजे सव्वातीन वर्षांचं चालणं. कॉलेजमध्ये एवढी मशीन नसेल तर न्यूमॅटिक सिलिंडर आणि काउंटर लावून निदान काही लाख चक्रं चालवा आणि मधे मधे पिन काढून भोकं मोजा. थ्रीडी प्रिंट केलेला गुडघा मॉडेल म्हणून छान, थरांच्या दिशेने तो न सांगता तुटतो, माणसाच्या वजनाखाली अजिबात नको.

पायरी ८: अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे सॉकेट, गुडघा आणि पाऊल एकमेकांच्या संदर्भात कुठे आणि कोणत्या कोनात बसवायचे ते. पहिल्यांदा बेंचवर. बाजूने ओळंबा सोडा, खुब्याच्या बाहेरच्या हाडापासून घोट्यापर्यंत. एका पिनचा गुडघा असेल तर पिन या रेषेच्या ५ ते १० मिमी मागे. चार लिंकसाठी वरच्या पुढच्या पिनचा संदर्भ धरतात, नक्की किती ते तुमच्या भूमितीच्या चित्रातून काढा. समोरून बघताना पाऊल ५ ते ७ अंश बाहेर वळलेलं. जो बूट किंवा चप्पल रोज वापरणार तीच घालून हे करा, कारण टाचेची उंची वाढली की पूर्ण नडगी पुढे झुकते आणि गुडघा कच्चा होतो. लग्नासाठी नवीन सँडल घेतली आणि पाय दगा द्यायला लागला, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

३० मिमीच्या पाईपच्या दोन्ही टोकांना पिरॅमिड अडॅप्टर असतात, चार स्क्रू. कोन बदलायचा तर समोरासमोरची एक जोडी तशीच ठेवून दुसऱ्या जोडीत एक स्क्रू सैल आणि दुसरा तेवढाच घट्ट, म्हणजे बाकीची सेटिंग हलत नाही. शेवटी टॉर्क रेंचने बनवणाऱ्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळा आणि लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावा.

पायरी ९: पॅरलल बारमध्ये चालवून बघणं

पॅरलल बार म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या समांतर दांड्या. आधी नुसतं उभं. दोन्ही कमरेची हाडं एका पातळीत आहेत का, वजन दोन्ही पायांवर येतंय का. मग चालणं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कुठली लागू पडली कळत नाही.

टाच टेकल्यावर गुडघा पुढे ढकलला जात असेल तर टाच फार कडक आहे किंवा पाऊल फार वर वाकलेलं आहे, पाचर मऊ करा किंवा पाऊल थोडं खाली वळवा. चवड्यावर जाताना माणूस एकदम खाली पडल्यासारखा वाटत असेल तर पावलाचा पुढचा भाग आखूड पडतोय, पाऊल पुढे सरकवा. पाय बाहेरून गोल फिरवून आणत असेल तर लांबी तपासा, मग घर्षण, मग केंद्र फार मागे आहे का ते, आणि हे सगळं ठीक असेल तर त्याला विचारा, कारण कधीकधी माणूस फक्त घाबरलेला असतो आणि गुडघा वाकेल यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. चांगल्या पायाच्या चवड्यावर उड्या मारल्यासारखं चालत असेल तर तीच कारणं. टाच मागे फार उडतेय तर घर्षण किंवा स्प्रिंग वाढवा, सरळ होताना ठोका बसतोय तर स्प्रिंग कमी करा. धड कृत्रिम पायाच्या बाजूला कलत असेल तर सॉकेटची बाहेरची भिंत मांडीला आधार देत नाहीये, तिथे गुडघ्याशी खेळून काही होत नाही.

सगळं बसलं की परत व्हिडिओ घ्या, तेच स्टिकर, तीच जागा, आणि पायरी १ मधल्या चांगल्या पायाच्या ग्राफवर हा ग्राफ ठेवा. हवेतला वाक ५० ते ६५ अंशांत आला आणि दोन्ही पायांचा हवेतला वेळ जवळजवळ सारखा झाला तर डिझाईन बरंच जमलं. टाच टेकल्यावरचा तो छोटा १५ अंशांचा वाक मात्र साध्या चार लिंकमध्ये मिळणार नाही, त्यासाठी वेगळा बंपर किंवा जास्तीची लिंक लागते, ती दुसऱ्या आवृत्तीसाठी ठेवा.

मग बारच्या बाहेर, उतार, पायऱ्या, वाळू, ओला रस्ता. उतरताना चार लिंकचा गुडघा आधार धरून ठेवत नाही, एकेक पायरी कृत्रिम पाय आधी टाकून उतरायला शिकवावं लागतं आणि चढताना चांगला पाय आधी. पहिल्या काही महिन्यांत स्टंप आकसत जातो, त्यामुळे सॉकेट सैल होतं, माणूस आत खाली सरकतो आणि पाय आखूड वाटायला लागतो, तेव्हा अलाइनमेंटला हात लावायच्या आधी स्टंपवर एक मोजा वाढवून बघा, आणि तीन-चार मोजे घालूनही सैल लागत असेल तर नवीन साचा घ्या.